लाईट येते, रेकॉर्डिंग येत नाहीत

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये संध्याकाळची आंधी उठली की लष्कर भागातल्या जुन्या गल्ल्यांमध्ये लाईट जाणार, हे सगळे धरूनच चालतात. तासा-दोन तासांनी लाईट येते, पंखे फिरायला लागतात, आणि काकांच्या माडीवरचा छोटा सर्व्हरही आपोआप सुरू होतो. सर्व्हर सुरू होतो, पण त्यातली रेकॉर्डिंग ऐकवणारी सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, मात्र पडलेलीच राहते. कोणीतरी माडीवर जाऊन मशीन बंद करून पुन्हा लावलं की सगळं सुरळीत. पुढच्या आंधीला पुन्हा तेच. या बिघाडावर नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे आणि हाच बिघाड मी मोठमोठ्या मशीनवरही पाहिलाय. बहुतेक ठिकाणी त्यावर वरवरची मलमपट्टी होते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी रेकॉर्डिंग कसली ते सांगते. काका ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकवतात. त्यांच्या गुरुजींनी दिलेली तालीम त्यांनी तरुणपणी कॅसेटवर उतरवून घेतली होती. भैरव, रामकली, यमन, आणि या घराण्याचं खास धन म्हणजे टप्पे. त्या कॅसेट मैफलीच्या नाहीत, शिकवणीच्या आहेत. गुरुजी एक ओळ म्हणतात, काका म्हणतात, गुरुजी अडवतात, "पुन्हा". मागे कुठेतरी कपबशी वाजते. ज्या गावात १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, त्या गावात अशा घरगुती कॅसेटींचे डबे अजून किती माळ्यांवर पडले असतील, कोण जाणे. काकांचा डबा वेळेवर खाली उतरला याचं मला फार समाधान आहे. त्यांच्या एका शिष्याने, तो आता पुण्यात असतो, सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवल्या. मूळ ध्वनी जसाच्या तसा ठेवायचा तर मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे नव्वद मिनिटांची एक कॅसेट नऊशे एमबीच्या वर जाते. त्याने फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवल्या. त्यात आवाजाचा एक कणही न गमावता आकार साधारण निम्म्यावर येतो.

मग त्यानेच एक जुना डेस्कटॉप घेऊन त्यावर डेबियन हे लिनक्स घातलं, पायथनमध्ये एक छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि विद्यार्थ्यांच्या टॅबलेटवर १९२.१६८.१.५० हा पत्ता उघडला की रागांची यादी दिसेल अशी सोय केली. पहाटे सहाला मुलं रियाजाला येतात, हव्या त्या ओळीवर बोट ठेवतात आणि ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकतात. काम अगदी मनापासून केलेलं आहे. प्रोग्राम सुरेख लिहिलाय, फायलींना नावंसुद्धा राग, ताल आणि कॅसेटची बाजू अशी शिस्तीत दिलीत.

बिघाड झाला की काकांचा फोन मला येतो, कारण मी दोन गल्ल्या सोडून राहते. "अगं, ते पान पुन्हा उघडत नाहीये. पोरं बसून राहिलीत." आणि पुण्याहून शिष्याचं म्हणणं असं, "ताई, मी इथून रीबूट करून बघितलं. लगेच चालू झालं. प्रोग्राममध्ये काही खोट नाहीये." दोघंही खरं बोलत होते, आणि बिघाडाचं मर्म नेमकं त्यातच होतं. लाईट जाऊन आल्यावर सेवा उठत नाही, पण रीबूट केलं की उठते. मग या दोन सुरुवातींमध्ये फरक काय?

उत्तर शोधायचं तर आधी नोंदी वाचायच्या. पुष्कळजण हीच पायरी गाळतात. मशीन सुरू होताना सगळ्या सेवा उठवते ती सिस्टमडी. ती प्रत्येक सुरुवातीची नोंद वेगळी ठेवते. नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेला 'बी' आणि उणे एक सांगितलं की मागच्या सुरुवातीची नोंद मिळते, आणि 'यू' पुढे सेवेचं नाव दिलं की फक्त तिच्यापुरती. यासाठी व्हार-लॉग-जर्नल ही डिरेक्टरी डिस्कवर असावी लागते. ती नसेल तर नोंदी मेमरीत राहतात आणि रीबूट करताच पुसल्या जातात. म्हणजे "बंद करून चालू कर" हा सल्ला पुराव्यावरच पाणी फिरवतो. काकांच्या मशीनवर ती होती.

पहिला गोंधळ वेळेचा होता. लाईट पहाटे सहाच्या सुमारास आली होती, आणि नोंदी दाखवत होत्या आदल्या रात्रीची वेळ. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला होता. तो मेला की मशीन बंद असताना घड्याळ चालत नाही. घड्याळ जुळवणारी टाइमसिंकडी शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवते आणि सुरू होताना तिथूनच पुढे मोजायला लागते. इंटरनेट मिळालं की घड्याळ एकदम उडी मारून खऱ्या वेळेवर येतं. अशा नोंदी घड्याळाच्या वेळेने वाचल्या तर डोकं फिरतं. जर्नलसीटीएलला 'शॉर्ट-मोनोटोनिक' प्रकारात नोंदी मागायच्या. मग प्रत्येक ओळीपुढे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले तेवढंच येतं, आणि उडीचा त्रास उरत नाही.

आता चित्र लख्ख दिसलं. चौथ्या सेकंदाला नेटवर्क सांभाळणारी नेटवर्कडी सुरू. लगेच 'नेटवर्क टार्गेट गाठलं' अशी ओळ. टार्गेट म्हणजे सुरुवातीच्या वाटेवरचा एक ठरलेला टप्पा. पाचव्या सेकंदाला रेकॉर्डिंगची सेवा सुरू, आणि त्याच सेकंदात कोसळली. पायथनने सांगितलेलं कारण: एर्नो ९९, कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस, म्हणजे मागितलेला पत्ता या मशीनकडे नाही. सिस्टमडीने तिला पुन्हा उठवलं, पुन्हा कोसळली. असं पाच वेळा झालं आणि सातव्या सेकंदाच्या आसपास शेवटची ओळ आली, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली', म्हणजे फार लवकर लवकर उठवायला सांगितलं, आता बास. त्यानंतर सेवेबद्दल एक अक्षर नाही. नवव्या सेकंदाला लॅन केबलवर सिग्नल आला, चाळिसाव्याला गेला, शंभराव्याला परत आला. आणि एकशे अठराव्या सेकंदाला राऊटरकडून १९२.१६८.१.५० हा पत्ता मिळाला.

म्हणजे सेवा ज्या पत्त्यावर बसायला निघाली होती, तो पत्ता मशीनच्या हातात यायला जवळजवळ दोन मिनिटं होती, आणि सेवेने सातव्या सेकंदालाच हाय खाल्ली होती. कारण उघड होतं. लाईट येते तेव्हा राऊटर आणि मशीन एकाच वेळी जागे होतात. मशीनला एसएसडी ही वेगवान डिस्क असल्यामुळे ते काही सेकंदांत तयार, आणि राऊटरला दीड-दोन मिनिटं लागतात. मधेच सिग्नल येऊन गेला तोही राऊटरमुळेच. त्याचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली चढवणारा छोटा प्रोग्राम, आधी पोर्ट उघडतो, मग खरी प्रणाली चढताना ते पुन्हा बंद करून नव्याने उघडते. शिष्य पुण्याहून रीबूट करायचा तेव्हा राऊटर चालूच असायचा, पत्ता मागितल्याबरोबर मिळायचा, आणि सेवा उठायची. त्याची चाचणी प्रामाणिक होती, फक्त ती वेगळ्याच परिस्थितीची होती.

सेवा कधी आणि कशी उठवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या युनिट फाइलमध्ये 'आफ्टर' पुढे 'नेटवर्क टार्गेट' लिहिलेलं होतं. शंभरातल्या नव्वद नमुन्यांमध्ये हेच असतं, त्यामुळे ते लिहिणाऱ्याला मी बोल लावणार नाही. पण नेटवर्क टार्गेट गाठलं याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झालाय. पत्ता मिळाला का, केबल तरी लागलेली आहे का, याबद्दल ते काहीच हमी देत नाही. त्याचा खरा उपयोग मशीन बंद होताना असतो. जी सेवा 'आफ्टर नेटवर्क' लिहिते ती नेटवर्क तुटण्याआधी बंद केली जाते, म्हणजे तिला जोडण्या नीट आवरता येतात. काकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना असं सांगितलं, की तबलजी येऊन बसला म्हणजे तबला सुरात लागला असं होत नाही ना, तसंच हे. ते लगेच म्हणाले, "मग तबला लागेपर्यंत थांबायला सांग की तिला."

काकांनी सुचवलेला हा उपाय सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, आणि तो मिळतोही. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट नावाचं दुसरं टार्गेट आहे. ते जोडणी खरोखर तयार होण्याची वाट बघतं. पण त्यात दोन-तीन खाचखळगे आहेत. एक म्हणजे नुसतं 'आफ्टर' लिहून भागत नाही, 'वॉन्ट्स' मध्येही त्याचं नाव लिहावं लागतं. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं. ते टार्गेट कोणीच मागितलं नाही तर ते सुरूच होत नाही, आणि मग त्याच्यानंतर येण्यालाही अर्थ उरत नाही. दुसरं, नेटवर्कडीतर्फे वाट बघणारी सेवा मुळात तिच्या ताब्यातली सगळी पोर्ट तयार व्हायची वाट बघते. काकांच्या मशीनला दोन लॅन पोर्ट आहेत, दुसऱ्यात केबलच नाही, आणि जोडणीच्या फाइलमध्ये 'ई-एन' ने सुरू होणारं प्रत्येक पोर्ट असं लिहिलेलं होतं. रिकाम्या पोर्टला 'रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन' नाही असं सांगितलं नाही, तर प्रत्येक सुरुवातीला पूर्ण १२० सेकंद फुकट जातात. एरवी चांगल्या चालणाऱ्या मशीन अचानक दोन मिनिटं उशिरा उठायला लागतात, त्यामागे कितीदा तरी हेच निघतं. सिस्टमडी-अॅनालाइझला 'क्रिटिकल-चेन' विचारलं की ते लगेच कळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते १२० सेकंद संपले की वाट बघणारी सेवा अपयशाची नोंद करते आणि बाजूला होते. टार्गेट मात्र गाठलं असंच धरलं जातं, आणि आपली सेवा पत्ता नसतानाही सुरू होते. राऊटरला आज ११८ सेकंद लागले. उद्या त्याचं फर्मवेअर बदललं, उन्हाळ्याने तो संथ झाला, आणि १३० लागले, की पुन्हा पहाटे फोन.

मग पत्ता राऊटरकडून न घेता मशीनवरच कायमचा लिहून ठेवला तर? शिष्याने हेही सुचवलं होतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण नेटवर्कडी केबलवर सिग्नल नसेल तर ठरवून दिलेला पत्तासुद्धा पोर्टला लावत नाही. पाचव्या सेकंदाला राऊटर मेलेला, सिग्नल नाही, पत्ता नाही, पुन्हा एर्नो ९९. 'कन्फिगर-विदाउट-कॅरिअर' होय असं लिहिलं तर लावते, तो एक मार्ग आहे.

सगळ्यात जास्त लोक निवडतात तो उपाय म्हणजे सेवेच्या आधी 'स्लीप ६०' टाकायचं, म्हणजे साठ सेकंद नुसतं थांबायचं. माझा याला ठाम विरोध आहे. ऑफिसात कोणी असा बदल घेऊन आलं तर मी तो परत पाठवते. साठ हा आकडा कुठून आला हे दोन वर्षांनी कोणालाही सांगता येत नाही. पुरत नाही तेव्हा तो नव्वद होतो, मग एकशे वीस. रोजच्या साध्या रीबूटलाही तेवढा वेळ विनाकारण जातो, आणि दोष कुठे आहे हे शोधायची इच्छाच मरून जाते.

मी वेगळा प्रश्न विचारला. या सेवेला तो पत्ता सुरुवातीलाच कशाला हवा आहे? ती स्वतः कोणाकडे काही मागायला जात नाही. ती नुसती दार उघडून बसते, टॅबलेट तिच्याकडे येतात. प्रोग्राममध्ये १९२.१६८.१.५० असा विशिष्ट पत्ता लिहिला होता, त्याच्या जागी ०.०.०.० लिहिलं. त्याचा अर्थ, मशीनला आत्ता असलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या कुठल्याही पत्त्यावर ऐकत राहा. बदल एका ओळीचा. आता सेवा पाचव्या सेकंदाला उठते आणि शांतपणे बसून राहते. पत्ता एकशे अठराव्या सेकंदाला आला काय, पाच मिनिटांनी आला काय, आला की टॅबलेटवर यादी दिसते. कोणाची वाट बघायला नको, कुठलं टार्गेट नको.

सगळ्या पत्त्यांवर ऐकायला ठेवलं तर धोका नाही का, असा प्रश्न शिष्याने विचारला, आणि तो रास्त होता. यासाठी युनिट फाइलमध्येच 'आयपी-ॲड्रेस-डिनाय' ला एनी, म्हणजे सगळ्यांना मज्जाव, आणि 'आयपी-ॲड्रेस-अलाउ' ला लोकलहोस्ट, म्हणजे मशीन स्वतः, व १९२.१६८.१.० चं घरचं जाळं दिलं. बाहेरून आलेलं पॅकेट सेवेपर्यंत पोचतच नाही. जिथे प्रोग्राममधला पत्ता बदलणं हातात नसतं, समजा विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, तिथे कर्नललाच सांगता येतं की अजून न मिळालेल्या पत्त्यावरही बसू दे. त्या सेटिंगचं नाव आयपी-नॉनलोकल-बाइंड. सिस्टमडीच्या सॉकेट फाइलमध्ये त्यासाठी 'फ्री-बाइंड' आहे.

दुसरा दोष त्या पाच प्रयत्नांचा. 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' लिहिलं की सेवा कितीही वेळा उठवली जाईल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात दोन प्रयत्नांमध्ये फक्त १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरुवात झाली की सिस्टमडी हात वर करते. अडचण दोन मिनिटांची असेल तर हे पाचही प्रयत्न पहिल्या दोन सेकंदांतच संपतात. म्हणून 'रीस्टार्ट-सेक' पाच सेकंदांचं केलं आणि 'स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक' शून्य, म्हणजे मर्यादा काढून टाकली. ही दुसरी ओळ फाइलच्या युनिट विभागात लिहायची. सर्व्हिस विभागात लिहिली तर सिस्टमडी एक इशारा नोंदवते आणि तिकडे दुर्लक्ष करते. हे सगळं मूळ फाइलला हात न लावता 'सिस्टमसीटीएल एडिट' ने करायचं, म्हणजे वेगळी पूरक फाइल तयार होते. काकांची सेवा घरची आहे म्हणून फरक पडत नाही, पण पॅकेजमधून आलेल्या सेवेची मूळ फाइल अपडेटच्या वेळी बदलली जाते आणि आपली दुरुस्ती धुऊन निघते.

सिस्टमडीच्या आधीच्या प्रणालीत हा त्रास इतका का जाणवत नव्हता, असं मला एका तरुण सहकाऱ्याने विचारलं होतं. त्या काळी सुरुवातीच्या स्क्रिप्ट आकड्यांच्या क्रमाने, बहुतेक एकामागून एक चालायच्या. नेटवर्कची स्क्रिप्ट राऊटरकडून पत्ता मिळेपर्यंत सगळ्यांना अडवून धरायची, त्यामुळे पुढच्यांना आयताच पत्ता मिळायचा. २०१० मध्ये सिस्टमडी आली, २०१५ मध्ये डेबियन ८ ने ती मूळ प्रणाली म्हणून घेतली, आणि गोष्टी एकाच वेळी सुरू व्हायला लागल्या. ज्या प्रोग्रामांनी क्रम नुसता गृहीत धरला होता, त्यांचे दोष उघडे पडले. माझ्या मते हे चांगलंच झालं. नेटवर्क सुरुवातीला असलं म्हणजे नंतरही राहील याची खात्री तशीही नसते. दुपारी कोणी केबल काढली तरी प्रोग्रामला ते झेपलं पाहिजे. जो प्रोग्राम बाहेर जाऊन काही मागतो, त्याने स्वतःच थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मागायला शिकावं. सुरुवातीच्या क्रमावर तो भार टाकू नये.

चाचणी मात्र काकांच्या माडीवरच व्हायला हवी होती. मशीन आधी नीट बंद केलं, कारण चालू डिस्कची वीज तोडणं मला पटत नाही. मग खोलीचा एमसीबी खाली, थोडा वेळ थांबून वर. इथे बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधलं, एक सेटिंग बघून ठेवावं लागतं. वीज परत आल्यावर काय करायचं यासाठी 'लास्ट स्टेट' असेल तर नीट बंद केलेलं मशीन बंदच राहतं, म्हणून 'पॉवर ऑन' हवं. काका तानपुऱ्याची गवसणी काढत होते, तेवढ्यात मशीनचा दिवा लागला. राऊटरचे दिवे एकेक करून हिरवे व्हायला लागले. टॅबलेटवर पान ताजं करत राहिले, आणि वाय-फाय जोडलं गेल्याबरोबर यादी समोर आली. काकूंनी खालून आवाज दिला, "झालं का गं?" काकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी रामकलीवर बोट ठेवलं.

त्याच बैठकीत नवा सेल घातला, आणि अजून एक गोष्ट उरकली. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरुवातीला जोडायच्या डिस्कांच्या यादीत, साध्या ओळीने लिहिलेली होती. ती डिस्क कोणी काढून नेली आणि लाईट गेली, तर मशीन तिची ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं असतं, आणि तिथून ते कीबोर्ड जोडल्याशिवाय सुटत नाही. त्या ओळीत 'नोफेल' घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन पुढे जातं. ज्यांच्या घरी किंवा दुकानात असं एखादं मशीन एकटं चालू असतं, त्यांनी एफएसटॅबमधली ही ओळ आजच पाहून घ्यावी. शिष्याला सगळे बदल लिहून पाठवलेत. त्याच्या पुण्याच्या घरी अशाच दुसऱ्या सर्व्हरवर ब बाजूच्या कॅसेट साफ करायचं काम चालू आहे, आणि तिथल्या युनिट फाइलमध्येही 'आफ्टर' पुढे नेटवर्क टार्गेटच आहे, असं त्याने कालच कळवलं.